मुलाखतीआधीचा सत्कार

चेन्नईत माणसाचा सत्कार शाल देऊन करावा, ही कल्पना ज्याला पहिल्यांदा सुचली त्याला मे महिन्यात भर दुपारी अड्यारच्या बसस्टॉपवर तीच शाल पांघरून उभं करायला हवं. माझ्याकडे अशी एक शाल आहे. मरून रंगाची, सोनेरी काठांची. कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या पडद्यांच्या मागे ती मी कोंबून ठेवली आहे. पडदे काढायला गेले आणि तिचा काठ दिसला, की अजूनही माझी कानशिलं तापतात.

मी सांगलीकडची. लग्न होऊन इथे आले. नवरा एन्नोरच्या बंदरावर नोकरीला, म्हणजे सकाळी अंधारात घर सोडायचं आणि संध्याकाळी अंगभर कोळशाची धूळ घेऊन परत यायचं. मी एग्मोरला एका विमा कंपनीत क्लेमच्या विभागात. काम मला उत्तम यायचं, हे मी स्वतःच सांगते कारण दुसरं कोणी सांगत नव्हतं. काल आलेली पोरं माझ्या शेजारी बसून काम शिकायची, ‘मॅडम, मॅडम’ करत माझा डबा खायची, आणि एमबीए असल्यामुळे दोन-तीन वर्षांत काचेच्या केबिनमध्ये जाऊन मलाच बोलावणं पाठवायची. एकदा अशाच एका बोलावण्यावरून परत आले आणि ठरवलं, बस्स झालं. आपणही एमबीए करायचं. नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचा कोर्स असतो, तो.

ठरवणं सोपं असतं हो. पुढे त्यांच्या अटी बघितल्या आणि डोळे पांढरे झाले. प्रवेश परीक्षा, तिच्यात गणित; शाळा सुटल्यावर मी टक्केवारीच्या वर कधी गेले नव्हते. मग निबंध. मग वरिष्ठांचं शिफारसपत्र. साहेबांकडे गेले तर ते फायलीतून मान वर न काढता म्हणाले, “तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो.” आपल्या ऑफिसांची ही रीतच आहे. आता आमच्या घरात स्वतःची स्तुती स्वतः करणाऱ्याला मूर्ख म्हणायचे. पहिली ओळ लिहिताना मला कोणी बघत तर नाही ना, असं झालं. दुसऱ्या ओळीला जरा धीर आला. आणि त्यानंतर काय विचारता, पान संपलं तरी माझे गुण संपेनात.

निबंधात एक प्रश्न होता: तुमच्या आयुष्यातलं एक अपयश आणि त्यातून तुम्ही काय शिकलात. मला सांगण्यासारखं अपयश काही आठवेना. मग एक बेताचं, दिसायला बरं, कोणाला न लागणारं अपयश मी बनवलं आणि त्यातून बरंच काही शिकल्याचं लिहून दिलं.

या सगळ्यात माझ्या मदतीला कोण, तर माझे सासरे. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना गावाहून इथे आणलं होतं. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढलेला माणूस. कोण कधी आत गेलं, कोण कधी बाहेर पडलं, एवढंच आयुष्यभर बघितलेलं. मनगटावरचं घड्याळ झोपतानाही उतरवायचे नाहीत. इथे त्यांना तमिळ येईना. खालचा वॉचमन ‘साप्टिंगळा?’ म्हणून जेवणाची चौकशी करायचा, हे ‘हो हो, चाललंय’ म्हणायचे, आणि दोघंही खूश. त्यांचं बोलण्याचं ठिकाण एकच, एग्मोरजवळ आमचं मराठी मंडळ भाड्याच्या हॉलमध्ये दर शनिवारी भरतं, ते. तिथे जायला दुपारपासून इस्त्रीचा सदरा घालून बसायचे. पण तिथेही त्यांची खुर्ची शेवटची. बाकीच्यांचे मुलगे अमेरिकेत, जावई जर्मनीत. यांच्या मुलाचं काय सांगणार, बंदरावर कोळसा मोजतो म्हणून? हसून मान डोलवायचे आणि चहा पिऊन परत यायचे.

माझी परीक्षा आली आणि त्यांना पुन्हा टाइम ऑफिस मिळालं. मी गणितं सोडवायला बसले की समोर घड्याळ काढून ठेवायचे, वेळ संपली की “बास!” असं म्हणायचे की शेजारचं पोर दचकून रडायला लागावं. पेपरातली अर्थकारणाची कात्रणं कापून ठेवायचे. आणि संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले की ओट्याशेजारी खुर्ची टाकून माझी मुलाखत. प्रश्न इंग्रजीत, तेवढंच एक वाक्य त्यांनी पाठ केलेलं होतं.

“टेल मी अबाउट युवरसेल्फ.”

“बाबा, पोळी करपेल.”

“इंग्रजीत,” ते म्हणायचे.

मराठीत काहीही बोललं की हेच उत्तर. मग मी लाटणं हातात धरून माझ्याविषयी इंग्रजीत सांगायची. कधी हसू यायचं, कधी इतका राग यायचा की वाटे, लाटणं आपटावं. पण ते समोर सरळ बसून ऐकायचे, कळो न कळो, आणि शेवटी घड्याळ बघून किती वेळ लागला ते सांगायचे.

परीक्षेत बऱ्यापैकी मार्क पडले आणि एका संस्थेचं मुलाखतीचं पत्र आलं. मी घरात सांगितलं, गोडाचा शिरा केला. मुलाखत पोंगलच्या सुट्ट्यांनंतर होती. सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचायला लावलं, घडी घालून खिशात ठेवलं. शनिवार होता. ते मंडळात गेले.

त्याच संध्याकाळी, ते परत येऊन टेकतात तोच, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो. खाली लिहिलेलं: आपल्या सूनबाईंची एमबीएसाठी निवड! संक्रांतीच्या कार्यक्रमात सत्कार. त्याखाली अंगठे, हार, फटाके, विचारू नका.

मी फोन घेऊन तशीच बाहेरच्या खोलीत गेले. “बाबा, हे काय? निवड कुठे झालीय? मुलाखत व्हायचीय अजून!”

ते घाबरलेच. “अगं, कॉल आलाय ना?”

“कॉल म्हणजे नुसतं बोलावणं!”

तेव्हा कळलं. त्यांच्या कारखान्यात कॉल आला म्हणजे माणूस लागलाच. कोणाला घ्यायचं ते संचालकांच्या घरी आधीच ठरायचं. मुलाखत म्हणजे नुसता चहा. निवड झाल्याशिवाय माणसाला कोणी कशाला बोलावेल, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मी तोंड सोडलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसलं झालं, मी म्हणाले. आणखीही बोलले. ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, “मी आत्ता जाऊन सांगतो, माझी चूक झाली म्हणून. हॉल अजून उघडा असेल.”

मी त्यांना थांबवलं. आता इथे खरं सांगते. त्यांची दया आली म्हणून नाही थांबवलं. तोवर ग्रुपवर माझ्याच ऑफिसच्या इमारतीतल्या एका बाईंनी ‘आम्हाला तुमचा अभिमान आहे’ असं लिहिलं होतं, आणि ते मला फार आवडलं होतं. कोणी तसं कधी म्हटलं नव्हतं. नवरा आंघोळ करून बाहेर आला, ऐकलं आणि म्हणाला, “राहू दे गं. मिळणारच आहे की.” मीही म्हटलं, मिळणारच आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्या घरात ते बाशिंग तिघांनी मिळून बांधलं.

सत्कार झाला. तिळगूळ, हळदीकुंकू आणि मग मी. घामाने पाठ भिजलेली, वरून ती शाल. हातात नारळ. ‘चार शब्द बोला’ म्हणाले, तर मी चारावर थांबते होय? वेळेचं नियोजन, जिद्द, घरच्यांचा पाठिंबा, अपयशाला न घाबरणं. अपयशावर तर मी फार छान बोलले. सासरे त्या दिवशी पहिल्या रांगेत होते. मी बोलत होते तेवढा वेळ ते घड्याळाकडे बघायला विसरले होते.

खाली उतरले तर एका आजींनी माझा हात धरला. मंडळातल्या सगळ्यांत जुन्या त्या. पिढ्यान् पिढ्या तंजावरकडच्या, नऊवारी नेसतात आणि जुनं मराठी तमिळ हेल काढून बोलतात. ऐकताना वाटतं, मराठीला कोणी रागात बसवलंय. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “समत्तु पोर गं. आमच्या नातीस सांग थोडं, कसं वाचावं ते.” समत्तु म्हणजे शहाणी, गुणी. मी म्हटलं, “पाठवा ना आजी, कधीही.”

नारळाची दुसऱ्या दिवशी इडलीबरोबर चटणी झाली.

मुलाखतीला गेले ती तयारी करूनच. समोर तिघे. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ विचारलं, माझं उत्तर घड्याळ लावल्यासारखं झालं. कामाबद्दल विचारलं, तेही बरं गेलं. मग त्यांतल्या बाईंनी अगदी सहज विचारलं, या वर्षी तुमची निवड झाली नाही तर काय कराल? साधा प्रश्न. सगळ्यांना विचारतात. पुन्हा प्रयत्न करीन, म्हटलं की संपलं. पण मला ती शाल दिसली, ग्रुपवरचे फटाके दिसले, आणि नारळ तर आम्ही खाऊन बसलो होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, “असं होऊ शकत नाही, मॅडम.” त्या हसल्या. “का होऊ शकत नाही?” आता काय सांगू? चटणी झाली म्हणून? मी काहीतरी बोलायला लागले आणि बोलतच राहिले. संताप आला की माझा आवाज चढतो. तिथे तो माझा माझ्यावरच चढला. तिघेही समोरच्या कागदांकडे बघत होते.

नकाराचा मेल ऑफिसात आला. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, काम केलं, घरी आले आणि सांगितलं. नवरा “पुढच्या वर्षी बघू” म्हणाला. सासरे म्हणाले, “मंडळाचं काय ते मी बघतो.”

“काही बघू नका!” मी ओरडलेच. “तिथे अवाक्षर काढायचं नाही. तुम्ही बघितलंत म्हणूनच ही वेळ आली माझ्यावर.”

त्यांनी मान हलवली. घड्याळाची पट्टी नीट केली आणि आत गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी मनाशी म्हटलं, कोर्स शनिवार-रविवारचा आहे. मी मंडळात दिसले नाही तर लोक समजतील क्लासला गेली. मंडळात जाणं मी बंद केलं. ते मात्र दर शनिवारी जात राहिले. परत आल्यावर मी विचारायची, “कोणी काही विचारलं?” ते म्हणायचे, “छे गं. कोण विचारतंय.” त्यांचं मला नवलच वाटायचं. इतकं मोठं खोटं पोटात ठेवून हा माणूस चहा कसा पितो?

आणि मी? मला तर कोणी विचारायचीही गरज नव्हती.

उन्हाळ्यात अड्यारच्या भाजीच्या दुकानात त्या आजी भेटल्या. शेवग्याच्या शेंगा निवडत होत्या. मला बघून, लेकराला हाक मारावी तसं, म्हणाल्या, “काय कण्णा, बरी आहेस ना?” एवढंच. दुसरं काही नाही. आणि मी सुटले. “बरी आहे आजी, पण वेळच नाही बघा, क्लासमुळे.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं पुरेसं पटलं नाही, म्हणून मी आणखी घातलं. दिल्लीचे एक प्रोफेसर येतात, फार कडक आहेत. केस स्टडी असतात, गटात बसून सोडवाव्या लागतात. आजींनी मान डोलवली. पुढच्या वेळी भेटल्या तेव्हा दिल्लीच्या प्रोफेसरांनी माझं कौतुक केलेलं होतं. त्याच्या पुढच्या वेळी तर मी संस्थेच्या कँटीनमधलं जेवण सांगितलं. सांबारात ढोबळी मिरची घालतात, मी म्हटलं, तीही कच्ची. “अय्यो!” आजी म्हणाल्या, आणि माझ्या पिशवीत कढीपत्त्याची एक जुडी आपल्या हाताने ठेवली. नातीबद्दल मात्र त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मला हायसं वाटायचं. घरी येऊन मी स्वतःला शिव्या घालायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

पावसाचा इथे पत्ता नव्हता, पण गणपती जवळ आले तशी मी पुस्तकं पुन्हा बाहेर काढली. पुन्हा अर्ज भरायला घेतला. सासऱ्यांनी काही न बोलता घड्याळ काढून समोर ठेवलं.

गणपतीला मंडळात जावंच लागलं, टाळणार किती? मोदकांना हात हवे होते. हॉलच्या मागच्या बाजूला बायका चटईवर बसल्या होत्या, मध्ये उकडीचं पातेलं, आजी पातेल्याशेजारी. मी पदर खोचून बसायला गेले, तेवढ्यात मंडळाचे कार्यवाह दारातून म्हणाले, “अहो, यांना नका बसवू. यांची परीक्षा आलीय. जा हो घरी तुम्ही, अभ्यास करा.”

“कसली परीक्षा?” मी म्हटलं.

“प्रवेशाची. पुन्हा बसताय ना यंदा? बाबा म्हणाले.” आणि माझा चेहरा बघून ते जरा गोंधळले. “म्हणजे, मागच्या वेळचं त्यांनी पाडव्यालाच सांगितलं ना सगळ्यांना. माइकवर. त्यात काय एवढं? होतं असं.”

मी तिथेच उभी. त्यांना वाटलं मला माहीत असणार, म्हणून ते कौतुकानेच सांगत सुटले. पाडव्याचा कार्यक्रम संपत आला होता. कधी तोंड न उघडणारा हा माणूस शेवटच्या खुर्चीवरून उठला, वर गेला आणि माइक मागितला. म्हणाले, माझ्या सुनेची निवड झालेली नव्हती. मुलाखत आणि निवड यांतला फरक मला कळला नाही, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही. तिला कोणी काही विचारू नका, तिला लागेल. एवढं बोलून खाली उतरले. “दोन मिनिटंसुद्धा घेतली नाहीत,” कार्यवाह म्हणाले. “तेव्हापासून आम्ही भाषणांच्या वेळेला त्यांनाच बसवतो. लांबलं की घंटी वाजवतात. मुख्य पाहुण्यांनाही सोडत नाहीत!” बायका हसल्या. चांगलं हसल्या, माझ्यासकट सगळ्यांना सामावून घेणारं.

पाडवा. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला. म्हणजे शेवग्याच्या शेंगांच्या आधी. दिल्लीच्या प्रोफेसरांच्या आधी. कच्च्या ढोबळी मिरचीच्या आधी.

धरणी दुभंगावी म्हणतात, पण त्या हॉलला मोझॅकची फरशी होती. मी आजींकडे बघू शकत नव्हते आणि दुसरीकडे कुठे बघावं तेही कळेना. पाडव्याला त्या पहिल्या रांगेत असणार, त्या नेहमीच असतात. मी न विचारता एकेक थाप मारत होते आणि त्या भाजीच्या दुकानात उभं राहून नीट ऐकून घेत होत्या. सासऱ्यांनी सांगितलं होतं ना, तिला लागेल म्हणून. आजींनी मला लागू दिलं नव्हतं. आणि कोणाजवळ बोलल्याही नव्हत्या. बोलल्या असत्या तर कार्यवाह इतक्या भाबडेपणाने माझ्यासमोर बोलले नसते.

आजींनी वर बघितलंच नाही. हाताला पाणी लावलं, उकडीचा एक गोळा मोडून माझ्या दिशेने धरला. “बस इथे, कण्णा,” म्हणाल्या. “पारी जाड नको करूस.”

मी बसले. माझ्या एकाही मोदकाला धड कळ्या पडल्या नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या चटईवर कळलं. चिडायला कोणीच नव्हतं. सासऱ्यांवर चिडावं, तर त्यांनी माझा हुकूम मोडला होता तो मला वाचवायला. आजींवर चिडावं, तर काय म्हणून? आयुष्यभर मला चिडायला कोणीतरी सापडत आलं होतं.

घरी आले. नवरा अजून यायचा होता. मी कुकर लावला, कणीक मळायला घेतली. सासरे सदरा बदलून आले, ओट्याशेजारी खुर्ची ओढली, घड्याळ काढून हातात धरलं. मंडळातलं त्यांना कळलं होतं की नाही, चेहऱ्यावरून समजेना. सरळ बसले. घसा साफ केला.

“टेल मी अबाउट युवरसेल्फ.”

माझे दोन्ही हात पिठात होते. डोळे पुसता येईनात. म्हटलं, “बाबा, मी सगळ्यांशी खोटं बोलले. आणि तुम्हाला नाही नाही ते बोलले.”

ते काट्याकडे बघत होते.

“इंग्रजीत,” ते म्हणाले.